लेव्हलचा सा

माझा कान चांगला आहे, हे मिरजेतल्या लोकांनी मला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी माझाही त्यावर विश्वास बसला. तिथंच सगळं बिघडलं.

मी त्रिशला मगदूम. सगळे अक्का म्हणतात. उस्मानभाईंचं तंबोऱ्यांचं दुकान आहे ना, त्याच्या वरच्या मजल्यावर माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ. २०११ साली सुरू केला तेव्हा लोक म्हणाले, ही बाई काचेमागं बसून काय करणार? बसले. सत्तावीस वर्षं बसले. ख्यालवाले आले, भजनवाले आले, शाळांची स्वागतगीतं झाली, एका साखर कारखान्याचं गौरवगीतसुद्धा मी निमूटपणे घेतलं. तोंडानं फटकळ म्हणून माझं नाव आहे आणि ते उगाच पडलेलं नाही.

माझ्याकडं एक रीत होती. गायक कितीही मोठा असो, तंबोरा लागला की मी काचेपलीकडून म्हणायचे, "सा द्या." मग त्यानं एका श्वासात पुरेल तेवढा लांब षड्ज लावायचा. असं तीन वेळा. त्यावरून माइक किती लांब ठेवायचा, आवाज किती उचलायचा हे मी ठरवायचे. याला आम्ही लेव्हलचा सा म्हणतो. बाकीचे रेकॉर्डिस्ट तो सा काम झालं की पुसून टाकतात. मी ठेवून द्यायचे. तोच गायक महिन्यानं परत आला की जुना सा लावून बघायचा आणि माइक बरोब्बर त्या जागी आणायचा, म्हणजे दोन दिवशी घेतलेल्या तुकड्यांचा सांधा कुणाला कळत नाही. असे चारशे बारा गायकांचे सा माझ्याकडं तारीखवार लावलेले होते. लोक हसायचे. मी म्हणायचे, ज्याला सांधा दिसत नाही त्यानं हसावं.

दोन हजार अडतीसच्या जानेवारीत उस्मानभाईंची धाकटी लेक नसीम जिना चढून वर आली. तंबोऱ्याच्या भोपळ्यांत लपाछपी खेळत वाढलेली पोर. शिकून इंजिनिअर झाली आणि आता इथल्याच एका मोठ्या दवाखान्यात हृदयाच्या डॉक्टरांबरोबर काहीतरी यंत्राचं काम करत होती.

"मावशी, तुमचे ते लेव्हलचे सा अजून आहेत?"

"आहेत. तुला कशाला? वरातीत लावायचेत?"

"हृदय ऐकायचंय," ती म्हणाली.

मग तिनं मला समजावलं, आणि चांगलं समजावलं. लांब सूर लावला की तो आपल्याला सरळ वाटतो, पण तसा तो नसतो. हृदयाचा ठोका पडला की रक्ताचा एक धक्का अंगभर जातो. मनगटात जातो तसा गळ्यातही जातो. स्वरतंतू केसाएवढे फुगतात, ताणतात, आणि सूर किंचित वर जाऊन खाली येतो. शंभरात एक भागसुद्धा नाही. कानाला कळत नाही, पण मोजता येतं. पंधरा सेकंदांच्या एका सा मध्ये अठरा-वीस ठोके सापडतात. ते वेगळे काढून एकावर एक ठेवले की बाकीची खरखर विरते आणि ठोक्याचा आकार वर येतो. ठोक्याचा आकार कळला की हृदय काय करतंय ते बरंचसं कळतं.

"आजारी हृदय आमच्या यंत्राला आत्ताच ओळखता येतं," नसीम म्हणाली. "पण किती आधी ओळखता येईल ते कळत नाही. त्यासाठी एकाच माणसाचा आवाज वर्षानुवर्षं तसाच, स्वच्छ घेतलेला पाहिजे. आणि पुढं त्याचं काय झालं तेही माहीत पाहिजे. मी सगळीकडं शोधलं मावशी. मला तरी तुमच्याइतकं कुठं सापडलं नाही."

हसणाऱ्यांची जिरली, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

चारशे बारा घरी जाऊन परवानगीच्या सह्या नसीमनं आणल्या. जे गेले होते त्यांच्या वारसांच्या आणल्या. माझ्या भावाची सही तिनं परस्पर जयसिंगपूरला जाऊन आणली. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

भरतेश माझा धाकटा भाऊ, दहा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सहाचा होता आणि मी सोळाची. त्याची वेणीफणी सोडून सगळं मी केलं. गळा त्याचा आईसारखा. शिकायला मी बसवला, पहाटे उठवून रियाजाला मी बसवला, आणि स्टुडिओ काढला तोसुद्धा खरं तर त्याच्यासाठीच. मिरजेबाहेरही त्याचं नाव व्हायला लागलं होतं.

२०२६ च्या मार्चमध्ये तो एका भजनाच्या रेकॉर्डिंगला बसला. सा दिला. आणि मला त्यात काहीतरी हललेलं ऐकू आलं. अगदी बारीक. तबलजीला आलं नाही, पेटीवाल्याला आलं नाही, खुद्द भरतेशला आलं नाही. मला आलं.

मी काय केलं? इस्त्री केली. आमच्याकडं त्याला तोच शब्द आहे. कॉम्प्युटरवर सूर रेघेसारखा दिसतो, वाकडा असला की माऊसनं ओढून सरळ करता येतो. लोकांच्या गाण्यांना मी रोजच करते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण भरतेशला मी सांगितलं नाही. उगाच त्याचं मन कशाला दुखवा, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. माझ्या हाताखाली तयार झालेला गळा हलतो, हे मला कबूल करायचं नव्हतं. सहा वर्षं मी गुपचूप त्याचे सूर सरळ करत राहिले; कच्चे सा मात्र रीतीप्रमाणे ठेवून दिले. दरवर्षी जरा जास्त ओढावं लागायचं.

२०३२ मध्ये एके दिवशी त्यानंच तक्रार केली. "अक्का, हेडफोनमध्ये काहीतरी घोळ आहे. माझाच आवाज मला हलल्यासारखा वाटतोय."

त्या दिवशी सकाळपासून सात टेक झाले होते. माझं डोकं फिरलेलं. मी म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." आणि तबलजी, पेटीवाला, दोन शिष्य, सगळ्यांसमोर मी त्याचा कच्चा सा मोठ्या स्पीकरवर लावला. मग इस्त्री केलेला लावला.

"हा तू," मी म्हणाले. "आणि हा मी करून देते तो तू. रियाज सोडून दिलायस, दुसरं काही नाही."

त्यानं दोन्ही शांतपणे ऐकले. शेवटपर्यंत ऐकले. मग तंबोऱ्याला गवसणी घातली, नाडी बांधली आणि जिना उतरून गेला. मला वाटलं, सोमवारी येईल. आला नाही. नंतर कळलं की गाणंच सोडलं. पद्मजाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या माहेरची जयसिंगपूरला पिठाची गिरणी होती, ती चालवायला गेला. सहा वर्षं आम्ही बोललो नाही. मी मोठी, मी का जाऊ? असा माझा हिशोब.

तर नसीमचं यंत्र. साखरेच्या डब्याएवढं. अडतीसच्या मार्चमध्ये तिनं ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि सगळे सा त्यातून काढले. पडद्यावर एकेका गायकाचं नाव आणि खाली वर्षांप्रमाणे ठोक्याचा आकार. जे हृदयविकारानं गेले होते त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा आकार आधीच्या वर्षांत बदललेला दिसत होता. नसीम खूश होती. मग भरतेशचं नाव आलं आणि ती बोलायची थांबली.

"काय झालं?"

"मावशी, विहिरीवरच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह गळका असला की काय होतं?"

"चढवलेलं पाणी परत खाली जातं."

"भरतेशमामांच्या हृदयाची झडप तशी आहे. ठोक्याला रक्त बाहेर ढकललं जातं आणि त्यातलं थोडं परत आत येतं. मग पुढच्या ठोक्याला हृदय दुप्पट जोरानं ढकलतं. धक्का मोठा बसतो, आणि लगेच ओसरतो. म्हणून सूर इतका हलतो." तिनं बोटानं दाखवलं. "२०२६ पासून दिसतंय. माणसाला वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. पण जास्तीचं काम करून करून हृदय ताणतं आणि एक दिवस ढिलं पडतं. हा शेवटचा सा सहा वर्षांपूर्वीचा आहे. पुढचं मला माहीत नाही. इकोला, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीला, वीस मिनिटं लागतात. उद्याच्या उद्या सांगा त्यांना."

"मीच का? तू सांग."

तिनं परवानगीचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. काही निघालं तर आधी कुणाला कळवायचं, असा एक रकाना होता. भरतेशनं त्यात लिहिलं होतं, 'अक्काला.'

मी म्हणाले, उद्या जाते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रीॲम्प उघडून बसले.

हे कुणाला पटणार नाही, पण माझ्या धंद्यातल्या माणसाला पटेल. आवाजात काही आलं की रेकॉर्डिस्ट आधी वायर बघतो, गळा नंतर. माइकचा सूक्ष्म आवाज मोठा करणारा तो डबा, प्रीॲम्प, मी २०२६ मध्येच नवा घेतला होता. हलायला लागलं तेही २०२६ मध्येच. मला एवढा आधार पुरला. त्याचा वीजपुरवठा खालीवर होत असेल तर यंत्राची सगळी रेघ खोटी, भरतेशचं हृदय धडधाकट आणि मीही सुटले. मी त्याचे सगळे भाग मोजले. मग भरतेशचे सा घेतले त्याच दिवशी त्याच डब्यातून गेलेले दुसऱ्या गायकांचे सा नसीमच्या यंत्रातून काढले. ते सरळ निघाले. मग माइक. भरतेशचा माइक वेगळा होता, तो मी दुसऱ्या कुणाला वापरू दिला नव्हता. कपाटातून काढला, त्यावर नसीमला सा लावायला लावला. तिचाही सरळ. मग माइकचा स्टँड, मग एसीची थरथर, मग खालच्या दुकानातलं लाकूड घासायचं यंत्र, मग रस्त्यावरच्या बस.

"सांगितलं का मावशी?" नसीम विचारायची.

"सांगते. एवढं एक तपासू दे."

मधे आठवडाभर ती परगावी होती. परत आली तेव्हा तिला वाटलं, मी जाऊन आले असेन. मी स्टुडिओत जमिनीवर बसून वायरी तपासत होते. तिनं माझ्या हातातली वायर काढून घेतली.

"तपासायचंय ते त्यांना, वायरीला नाही. आज तुम्ही गेला नाहीत तर मी जाते."

अंगण वाकडं ठरवायला मी एकोणीस दिवस लावले होते. एकही इंच वाकडं निघालं नाही.

जयसिंगपूरला बस स्टँडपासून जवळच गिरणी आहे. भरतेश दळत होता. भुवयांवर पीठ, अंगावर पीठ, गालाची हाडं वर आलेली. मान हळूहळू हलत होती. मला वाटलं, गिरणीच्या ठेक्यावर डोलतोय, सवय जात नाही गाणाऱ्याची. त्यानं मला बघितलं आणि गिरणी बंद केली. गिरणी थांबली तरी मान हलतच राहिली. ती हृदयाच्या ठोक्यावर हलत होती.

"अक्का," तो म्हणाला. सहा वर्षांनी. "ज्वारी आणलीस का गहू?"

"तुझ्याशी बोलायचंय."

"मग बस की. पोत्यावर बस, पीठ लागेल पण."

मी सांगितलं. नसीमनं सांगितलं होतं तसंच, फुटव्हॉल्व्हसकट. तो दम घेत ऐकत होता. वाक्यावाक्याला त्याला दम लागत होता.

"दम लागतो खरा," तो म्हणाला. "पण तो पिठानं. गिरणीवाल्यांना लागतोच."

"पिठानं नाही, भरतू."

"तुझंही बरंय. आधी रियाजानं होतं, आता हृदयानं झालं. बिचाऱ्या पिठावर कुणी आळ घेईना." मग हसणं थांबवून म्हणाला, "कधी कळलं हे?"

"एकोणीस दिवस झाले."

"आणि आज आलीस."

"मी सामान तपासत होते. माझ्याच माइकचा दोष असेल तर तुला उगाच घोर कशाला, म्हणून."

तो माझ्याकडं बघत राहिला. रागानं नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"पट्टा सरकला अशी नुसती शंका आली तरी मी आधी गिरणी बंद करतो अक्का," तो म्हणाला. "मग शोधत बसतो."

पद्मजा आतून आली होती. दारात उभं राहून तिनं सगळं ऐकलं होतं. खुंटीवरचा त्याचा स्वच्छ शर्ट काढून तिनं त्याच्या हातात दिला आणि स्वतःच्या चपला घातल्या. आम्ही तिघं त्याच बसनं मिरजेला आलो.

इको झाला. डॉक्टर वयानं लहान, पण सरळ बोलणारे होते. झडप खूप गळत होती, हृदय फुग्यासारखं मोठं झालं होतं, ताकद पाव राहिली होती. झडप बदलणं भाग होतं. नाही बदलली तर काही महिने. बदलली तर हृदय पुन्हा जोर धरेल की नाही, हे ते छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हते.

"आधी आला असतात तर आठ दिवसांत घरी गेला असतात," ते म्हणाले. "सात-आठ वर्षांपूर्वी."

मी मनातल्या मनात वर्षं मोजली. कितीही वेळा मोजली तरी ती तेवढीच यायची.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी नसीम वॉर्डात आली. भरतेशचा आजचा एक सा मिळाला तर तिच्या कामाला फार उपयोगी पडला असता, पण मागायला तिची जीभ रेटत नव्हती. भरतेशनंच ओळखलं.

"देतो," तो म्हणाला. "पण लेव्हल अक्का घेणार असली तर."

मी स्टुडिओत जाऊन त्याचा माइक घेऊन आले. खाटेशेजारी स्टँड लावला. पद्मजा पायथ्याशी बसली होती. मी वायर जोडत होते तेव्हा तो म्हणाला, "अक्का, आधी एक सांग. मी बेसूर होतो का?"

गिरणीत त्याला हेच विचारायचं होतं, मला तेव्हाच कळलं होतं. मी वायर खाली ठेवली.

"नाही," मी म्हणाले. "तू बेसूर कधीच नव्हतास. तुझा सूर जागेवर होता, खालून हृदय हलवत होतं. मला ऐकू आलं आणि मी त्याचा भलता अर्थ लावला. चारचौघांत तुझा अपमान केला. माझं चुकलं, भरतू. फार मोठं चुकलं."

त्यानं डोळ्यांवर हात घेतला. पन्नाशीचा माणूस, लहानपणी रडायचा तसाच रडला, ओठ आत दाबून.

"गिरणीत बरं असायचं," तो म्हणाला. "तिथं गुणगुणलं तरी आपल्याला आपलं ऐकू येत नाही."

मग हात काढून त्यानं विचारलं, "तुला ऐकू कधीपासून येत होतं?"

साधा प्रश्न होता. माझ्या तोंडाशी २०२६ आलं होतं. मी त्याच्या हलणाऱ्या मानेकडं बघितलं, उद्याच्या ऑपरेशनचा विचार केला, आणि खरं सांगायचं तर स्वतःचाही केला. नुकतंच त्यानं मला माफ केल्यासारखं वाटत होतं.

"त्याच दिवशी," मी म्हणाले. "बत्तीस साली. त्या दिवशी पहिल्यांदा."

त्यानं मान डोलावली. "लाव माइक," म्हणाला. "पण ह्याला इस्त्री नको."

तंबोरा नव्हता. मी फोनवर स्वर लावून दिला. सा द्या, हे मला म्हणता येईना. मी नुसता हात केला. त्यानं सा लावला. सात सेकंद टिकला. त्यातला एकेक ठोका मला यंत्राशिवाय ऐकू आला. सूर जागेवर होता.

"आली लेव्हल?" त्यानं विचारलं.

"आली," मी म्हणाले.

ऑपरेशन व्यवस्थित झालं, असं सगळ्यांनी सांगितलं. झडप चांगली बसली. हृदयानं मात्र जोर धरला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला भरतेश गेला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मला सांगता यायचं नाही. काढले ते पद्मजाच्या आधारानं, एवढं खरं. तिनं मला एका शब्दानं दुखवलं नाही. उलट महिनाभर स्वतःजवळ ठेवून घेतलं. जेवले नाही तर ताटासमोर बसून राहायची. मी मिरजेला परत आले तरी दर रविवारी डबा घेऊन यायची. आमच्या दोघींनाही मूलबाळ नाही. रविवारी आम्ही स्टुडिओत बसायचो आणि भरतेशच्या लहानपणाच्या गोष्टी मी तिला सांगायचे. आता माझ्या माणसांत ती एकटीच उरली होती.

जूनमध्ये नसीम कागद घेऊन आली. प्रत्येक गायकामागं एक नोंद करायची होती. आजार कुठला, कधी कळला, पुढं काय झालं. ती नोंद यंत्राला शिकवायला लागते. भरतेशचा कागद तिनं स्वतःच भरून आणला होता, मला त्रास नको म्हणून. मी फक्त नजर टाकायची आणि वारस म्हणून खाली पद्मजाची सही आणायची.

एक रकाना असा होता: आवाजातला बदल सर्वांत आधी कुणाच्या आणि केव्हा लक्षात आला? पुढं पर्याय होते. नसीमनं 'कुणाच्याही नाही' यावर खूण केली होती.

"सगळ्यांच्या कागदावर हेच आहे," ती म्हणाली. "माणसाच्या कानाला कळतच नाही ना ते."

"आणि कुणाच्या लक्षात आलं असलं तर?"

"तर फारच मोलाचं, मावशी. यंत्राला मग त्या दिवसापासूनचं ऐकायला शिकवता येतं. नेमकं काय ऐकायचं ते कळतं. दहा-बारा वर्षं आधी सांगता येईल लोकांना. पण असा कान..." ती मधेच थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली. हुशार पोर आहे. "मावशी, बत्तीस साली ना? मामांना तुम्ही तसं सांगितलंत."

मी उठून कॉम्प्युटर लावला. मार्च २०२६ मधला भरतेशचा कच्चा सा काढला, आणि त्याच्या शेजारी त्याच दिवशी सरळ केलेला. फाइलवर तारीख आणि वेळ असतेच. तिनं दोन्ही बघितले.

"असू दे ना तसंच," ती हळूच म्हणाली. "पद्मजामामी सही करायच्या आधी वाचतील."

"वाचू दे."

हे म्हणायला मला काही धीर लागला नाही, असं कुणी समजू नये. ते कागद मी चार रविवार तिच्यापासून लपवून ठेवले. ती डबा घेऊन यायची, मी कपाटाला कुलूप लावायचे. त्या खुणेला हात लावला नाही तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं, भरतेश काही परत येणार नव्हता, आणि पद्मजा माझी राहिली असती. पण गावात कुठंतरी कुणीतरी आत्ता सा लावत असेल आणि त्याच्या गळ्यात असंच बारीक काही हलत असेल. ते ऐकायला यंत्राला माझ्याशिवाय कुणी शिकवू शकत नव्हतं. पाचव्या रविवारी ती यायच्या आधीच मी नसीमची खूण खोडली. 'नातेवाईक' यावर खूण केली. नातं: बहीण. तारीख: १४ मार्च २०२६. आणि बस धरून जयसिंगपूरला गेले.

पद्मजा गिरणीपुढच्या कट्ट्यावर बसली होती. गिरणी बंद होती. तिनं चष्मा लावून कागद सावकाश वाचला. त्या रकान्यापाशी तिचं बोट थांबलं.

"सव्वीस?"

"हो."

"दवाखान्यात तुम्ही त्यांना बत्तीस सांगितलंत. मी तिथंच होते."

"हो."

"मग हे खरं का ते?"

"हे."

"आणि मधली सहा वर्षं?"

"सरळ करत होते," मी म्हणाले. "त्याला न सांगता."

तिनं पेन मागितलं. मी दिलं. तिनं सही केली, पूर्ण नावानं, खाली तारीख घातली आणि कागदाची घडी करून माझ्या हातात दिली. चष्मा काढला.

"ऑपरेशनच्या आदल्या रात्री झोप येईना त्यांना," ती म्हणाली. "मला म्हणाले, अक्का बोलली ते लागलं मला, पण तिनं ऐकल्या ऐकल्या तोंडावर सांगितलं. दुसऱ्या कुणी मागं ठेवलं असतं. ती माझ्यापासून काही मागं ठेवत नाही. एवढं म्हणाले आणि मग झोपले."

मी कट्ट्यावरून उठले. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.